मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे खरे पथ्य

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला घरी आणले की पहिली चर्चा खाण्यापिण्याच्या पथ्यावर होते. वांगे चालेल का, आंबट किती दिवस बंद ठेवायचे, हरभऱ्याची डाळ वातूळ म्हणून टाळायची का, मटण कधीपासून द्यायचे, हे प्रश्न ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून काम करताना मी जवळजवळ प्रत्येक कुटुंबाकडून ऐकले आहेत. थेंबांच्या बाटलीचे टोक कशाला लागू द्यायचे नाही, असे मात्र क्वचितच कुणी आपणहून विचारते. वांग्याचा आणि डोळ्यात होणाऱ्या जंतुसंसर्गाचा काहीही संबंध नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर त्याचे पथ्य पाळावे, एरवी घरात शिजते ते खावे. जे पथ्य खरोखर पाळायचे असते, त्याचा काही भाग शस्त्रक्रियेच्या आधीचा, बराचसा डॉक्टरांच्या हातातला आणि उरलेला घरातल्या माणसांचा असतो. त्या तिन्ही भागांविषयी येथे लिहीत आहे.

ज्या संसर्गाची भीती असते, तो म्हणजे साथीत डोळे येतात तसा वरवरचा आजार नव्हे. डोळे येतात तेव्हा जंतू बाहेरच्या पातळ आवरणावर असतात आणि बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत सारे निवळते. शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गात जंतू थेट डोळ्याच्या आत पोहोचतात. भिंगाच्या मागे जेलीसारखा जो पारदर्शक पदार्थ असतो, त्यात रक्तवाहिन्या नसल्यामुळे शरीराची संरक्षक यंत्रणा तेथे उशिरा पोहोचते आणि जंतूंना वाढायला मोकळे रान मिळते. पलीकडेच डोळ्याचा पडदा (रेटिना) असतो आणि त्याची एकदा हानी झाली की ती भरून येत नाही. या आजाराला डॉक्टर ‘एंडोफ्थॅल्मायटिस’ म्हणतात. तो दुर्मीळ आहे, चांगल्या रुग्णालयांत हजार शस्त्रक्रियांमागे एखाद्याही रुग्णाला होत नाही. परंतु भारतात वर्षाला मोतीबिंदूच्या साठ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया होत असताना दुर्मीळ या शब्दावर निर्धास्त राहून चालत नाही.

हे जंतू येतात कोठून, याचे उत्तर अनेकांना खटकते. एकट्या-दुकट्या रुग्णाला होणाऱ्या संसर्गात ते बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्याच पापण्यांवरून आणि डोळ्याच्या बाहेरच्या आवरणावरून येतात. त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारे स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू चिरेतून आत गेले की उपद्रवी ठरतात. म्हणूनच खरी तयारी शस्त्रक्रियेच्या आधी सुरू होते. पापण्यांच्या कडांना कोंडा धरला असेल, रांजणवाडी आलेली असेल, सकाळी उठल्यावर डोळे चिपडाने चिकटत असतील, तर ते आधी बरे करावे लागते. अश्रू नाकात वाहून नेणारी नळी तुंबून नाकाजवळच्या पिशवीत पू साचलेला असेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यावाचून मार्ग नसतो, कारण त्या पिशवीतून येणारे जंतू दिवसभर डोळ्यात उतरत राहतात. हे ओळखण्यासाठी तपासणीत डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पाणी सोडून ते घशात उतरते का, हे पाहतात. त्याला आमच्याकडे सिरिंजिंग म्हणतात. पाणी घशात न येता उलट आले, किंवा पिशवी दाबल्यावर पू आला, तर त्या रुग्णाला शस्त्रक्रियेच्या यादीतून बाजूला काढावे लागते.

यावरून होणारे वाद मला पाठ आहेत. गाडी ठरवून, शेतीची कामे आवरून, मुलाला मुंबईहून बोलावून माणूस आलेला असतो आणि त्याला “आधी नळीवर उपचार करून घ्या” असे सांगितले की त्याला ती टाळाटाळ वाटते. २०२३ च्या जुलैत आळंदीपासून सुरू झालेली डोळ्यांची साथ पुढे राज्यभर पसरली, तेव्हाही हाच प्रश्न होता. घरात कुणाचे डोळे आलेले असतील तर वृद्धाची शस्त्रक्रिया थोडी लांबवणे आणि तोवर त्याचा टॉवेल व उशी वेगळी ठेवणे हाच शहाणपणा असतो. शस्त्रक्रिया लांबवणारे डॉक्टर त्या क्षणी कितीही नकोसे वाटले, तरी माझ्या मते विश्वास त्यांच्यावरच ठेवावा.

मात्र लांबवण्याचीही एक वेगळी, स्वतःहून ओढवून घेतलेली तऱ्हा आहे आणि ती मला अधिक काळजीची वाटते. मोतीबिंदू पूर्ण पिकल्याशिवाय काढायचा नाही आणि उन्हाळ्यात तर मुळीच काढायचा नाही, हे दोन समज अजून गावोगाव टिकून आहेत. जेव्हा मोठी चीर घेऊन टाके घालावे लागत, त्या काळात यांना काही आधार असेलही. आता फेको पद्धतीत, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू आतच फोडून शोषून घेण्याच्या पद्धतीत, चीर साधारण अडीच-तीन मिलिमीटरची असते. बिनटाक्याच्या लहान चिरेच्या पद्धतीत ती सहा-सात मिलिमीटरची असली, तरी तिची रचना बोगद्यासारखी असल्यामुळे ती आपोआप मिटते. उलट मोतीबिंदू फार पिकून कडक झाला की शस्त्रक्रियेला वेळ लागतो आणि भिंगाच्या मागचे पातळ आवरण फाटण्याची शक्यता वाढते. ते आवरण फाटले की पुढच्या भागातले जंतू मागच्या जेलीपर्यंत सहज पोहोचतात. म्हणजे पिकण्याची वाट पाहणारा माणूस नकळत संसर्गाचा धोकाही वाढवत असतो. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा यांपैकी कोणत्याही ऋतूत स्वच्छ शस्त्रक्रियागृहात शस्त्रक्रिया करता येते.

शस्त्रक्रियागृहात काय होते, हे रुग्णाला दिसत नाही. परंतु त्यातल्या एका गोष्टीबद्दल पुष्कळ जण तक्रार करतात, ती म्हणजे डोळ्यात टाकले जाणारे तपकिरी औषध झोंबते. ते पॉव्हिडोन आयोडीनचे पाच टक्क्यांचे द्रावण असते आणि ते दोन-तीन मिनिटे डोळ्यात राहू देणे आवश्यक असते. ते टाकल्याने संसर्गाचे प्रमाण घटते, हे १९९१ मध्ये न्यूयॉर्कमधील नेत्रतज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसून आले आणि आज जगभर ही पायरी अनिवार्य मानली जाते. इतके स्वस्त औषध इतके उपयोगी पडावे, असे वैद्यकात वारंवार घडत नाही. याउलट पूर्वी सर्रास होणारे पापण्यांचे केस कापणे संसर्ग टाळायला उपयोगी ठरल्याचे सिद्ध झालेले नाही. केस चिकट पारदर्शक आच्छादनाखाली नीट झाकून घेणे पुरते. कापलेल्या केसांची खुंटे पुढे टोचत राहतात ती वेगळीच.

दुसरी पायरी शस्त्रक्रियेच्या अगदी शेवटी येते. भिंग बसवून झाले की प्रतिजैविकाचा एक अतिशय लहान डोस थेट डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सोडतात. युरोपातील नऊ देशांत सुमारे १६ हजार रुग्णांवर झालेल्या चाचणीत सेफ्युरॉक्झिम अशा रीतीने दिल्यावर संसर्गाचे प्रमाण जवळपास पाच पटींनी घटले आणि फरक इतका स्पष्ट होता, की ती चाचणी २००६ मध्ये लवकर थांबवण्यात आली. आपल्याकडे मॉक्सिफ्लॉक्सॅसिन अधिक वापरतात. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराईत अकरा खाटांनिशी सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या समूहाने सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला, तेव्हा हे औषध न दिलेल्यांत संसर्गाचे प्रमाण दहा हजारांत सात, तर दिलेल्यांत दहा हजारांत दोन आढळले. एवढी मोठी आकडेवारी भारतातल्या रुग्णालयातून यावी, याचा मला अभिमान वाटतो. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना “शेवटी डोळ्यात अँटिबायोटिक सोडता का?” असे नम्रपणे विचारण्यात काहीही गैर नाही. मात्र “वरून गोळ्याही लिहून द्या” असा हट्ट करू नये, कारण या शस्त्रक्रियेत पोटातून घेतलेल्या प्रतिजैविकांनी संसर्ग टळतो, असा पुरावा नाही.

वृत्तपत्रांत ज्या घटना येतात त्या वेगळ्या प्रकारच्या असतात. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये बिहारमधील मुझफ्फरपूर येथे एकाच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या अनेक रुग्णांना संसर्ग झाला आणि त्यांच्यापैकी कित्येकांचे डोळे काढून टाकावे लागले. एका दिवशी अनेकांना त्रास होतो, तेव्हा प्रत्येकाच्या पापण्या तपासण्यात अर्थ नसतो. सर्वांसाठी समान असलेली एखादी गोष्ट दूषित असते. डोळा धुण्यासाठी वापरलेली रिंगर लॅक्टेटची बाटली, निर्जंतुक करणारे यंत्र, शस्त्रक्रियेत डोळ्यात भरायची जेल, भिंगाचे आवरण रंगवायचा निळा रंग, पाण्याची टाकी यांपैकी काहीही त्याचे मूळ असू शकते. सुडोमोनाससारखे जंतू ओलाव्यात जगतात आणि एका रात्रीत डोळ्याची वाट लावतात. शाळेच्या वर्गात किंवा मंडपात टेबले मांडून शस्त्रक्रिया करण्याची पूर्वीची पद्धत याच कारणासाठी राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने मागे टाकली. आता शिबिर गावात भरते ते तपासणीसाठी, आणि शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला कायमस्वरूपी शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. कुणी आजही शाळेत किंवा समाजमंदिरात शस्त्रक्रिया करून देतो म्हणाला, तर ती फुकट असली तरी नाकारावी. त्याच विचाराने, “दोन्ही डोळे एकदाच उरकून टाका” हा आग्रहही नातेवाइकांनी धरू नये, कारण काही दूषित असलेच तर दोन्ही डोळे एकदम धोक्यात येतात.

आता घराकडे वळू. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढतात आणि रुग्णाच्या हाती थेंबांच्या बाटल्या येतात. त्यांत साधारणतः एक प्रतिजैविक आणि एक स्टेरॉइड असते, कधी दोन्ही एकाच बाटलीत असतात. कॅनडात शस्त्रक्रियेनंतर प्रथमच थेंब टाकणाऱ्या ५४ रुग्णांचे निरीक्षण करण्यात आले, तेव्हा दहांपैकी नऊंहून अधिक जणांची पद्धत चुकीची निघाली. निम्म्याहून अधिकांनी बाटलीचे टोक डोळ्याला किंवा पापणीला लावले आणि बहुसंख्यांनी आधी हात धुतले नाहीत. मी आपल्याकडे पाहिलेले चित्र यापेक्षा वेगळे नाही. घरातील नातू किंवा सून एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हाताने थेंब टाकते आणि आजी तो पडला की नाही हे ठरवायला डोळा मिटून पदराने पुसते, हा प्रसंग मी कितीतरी घरांत पाहिला आहे.

थेंब टाकणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावेत आणि ते स्वच्छ कापडाने कोरडे करावेत. रुग्णाला पाठीवर झोपवावे किंवा मान मागे टेकवून बसवावे आणि छताकडे बघायला सांगावे. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढली की तेथे एक खळगा तयार होतो. त्यात बोटभर उंचीवरून एकच थेंब सोडावा. त्या खळग्यात एका थेंबापेक्षा अधिक मावतच नाही, त्यामुळे दोन-तीन थेंब टाकून औषध गालावर वाहून जाण्यापलीकडे काही साधत नाही. नंतर डोळा हलकेच मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर बोटाने दाबून ठेवावा. बोट डोळ्याच्या बुबुळावर पडणार नाही, एवढी मात्र काळजी घ्यावी. दोन औषधे असतील तर मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत, नाहीतर दुसरे पहिल्याला धुऊन काढते. तळाशी पांढरा साका बसणारे औषध असेल तर बाटली दर वेळी हलवावी. बाटलीचे टोक पापणीला, बोटाला, कापसाला लागू नये, आणि बूच काढून ठेवताना ते अंथरुणावर उताणे-पालथे टाकू नये. बाटली उघडली ती तारीख तिच्यावर पेनाने लिहावी, कारण उघडल्यापासून महिन्यानंतर ती वापरायची नसते. कुणाचा हात थरथरत असेल आणि घरात दुसरे कुणी नसेल, तर शेजारच्या आशाताईंना किंवा ओळखीच्या परिचारिकेला पहिले काही दिवस विनंती करावी. संकोचाने स्वतःच टाकत राहून दिवसाचे अर्धे औषध उशीवर सांडण्यापेक्षा ते बरे.

डोळा स्वच्छ करण्यासाठी कापसाचे बोळे पाण्यात उकळावेत, पाणी थंड झाल्यावर स्वच्छ हाताने पिळून घ्यावेत आणि मिटलेल्या पापणीवरून नाकाकडून कानाकडे एकदाच फिरवून टाकून द्यावेत. पदर, उपरणे, खांद्यावरचा टॉवेल यांना डोळ्याजवळ येऊ देऊ नये. डॉक्टर परवानगी देईपर्यंत डोक्यावरून आंघोळ टाळावी. मानेखाली आंघोळ करून चेहरा ओल्या कापडाने पुसावा. केस धुवायचेच असतील तर न्हाव्याकडे बसतात तसे मान मागे टाकून दुसऱ्याकडून धुवून घ्यावेत. रात्री झोपेत हात जाऊ नये म्हणून दिलेली प्लास्टिकची झाकणी आठवडाभर तरी चिकटपट्टीने लावावी, कारण डोळा जोरात चोळला तर मिटू लागलेली चीर क्षणभर उघडू शकते आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाऊ शकते. काळा चष्मा प्रकाश, धूळ आणि आपलाच हात यांपासून आडोसा देतो, पण जंतू मारत नाही. तो रोज साबणाने धुवावा आणि शेजारच्या काकांची शस्त्रक्रिया झाली तेव्हाचा तसाच मागून आणू नये. गोठा, मळणी, चुलीचा धूर यांपासून काही आठवडे लांब राहावे. आषाढात शस्त्रक्रिया झालेल्या वारकऱ्याला त्या वर्षी चंद्रभागेचे स्नान सोडावे लागेल, हे त्याला आधीच सांगितले तर तो तारीख मागे-पुढे करून घेतो, नंतर सांगितले तर ऐकत नाही.

गुलाबपाणी, मध, तूप, एरंडेल, काजळ आणि बाळंतिणीच्या अंगावरचे दूध ही सगळी ‘थंडावा देणारी’ औषधे मी शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांत टाकलेली पाहिली आहेत. यांतले काहीही निर्जंतुक नसते. प्रेमापोटी टाकले, म्हणून ते कमी घातक होत नाही.

इतकी काळजी घेऊनही संसर्ग होऊ शकतो, आणि तेव्हा सर्वाधिक नुकसान दिरंगाईने होते. बहुतेकदा तो पहिल्या आठवडाभरात दिसतो, तरी सहा आठवड्यांपर्यंत सावध राहायला हवे. थोडे खुपणे, पाणी येणे, उजेड सहन न होणे, पांढऱ्या भागावर रक्ताचा लाल डाग दिसणे हे पहिल्या काही दिवसांत अपेक्षित असते आणि ते रोज कमी होत जाते. दिशा उलटी झाली, म्हणजे आधी स्पष्ट दिसू लागलेले पुन्हा धूसर झाले, लाली वाढली, पापणी सुजली, ठणका लागला, चिपड किंवा पू येऊ लागला, बुबुळाच्या खालच्या बाजूला पांढरी रेघ साचलेली दिसली, तर तो धोक्याचा इशारा असतो. ठणका नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ४२० रुग्णांच्या अभ्यासात साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांना वेदना नव्हत्याच. शिवाय स्टेरॉइडच्या थेंबांमुळे लाली आणि दुखणे काही काळ दबून राहू शकते. म्हणून मी रुग्णांना रोज सकाळी करायची एक सोपी तपासणी सांगतो. चांगला डोळा तळहाताने झाकावा आणि शस्त्रक्रियेच्या डोळ्याने भिंतीवरच्या कालनिर्णयातले आकडे नेहमीच्या एकाच जागेवरून वाचावेत. काल जे दिसले त्यापेक्षा आज कमी दिसले, तर चहासाठीही न थांबता रुग्णालयाची वाट धरावी.

“परवा तारीख आहेच, तेव्हा दाखवू” हे वाक्य या आजारातले सर्वांत महाग वाक्य आहे. एका आजोबांना शस्त्रक्रियेनंतर चार दिवसांनी संध्याकाळी अंधुक दिसू लागले. पुढचा दिवस रविवार होता, सोमवारी बाजार होता आणि फेरतपासणीची तारीख मंगळवारी होती. ते मंगळवारी आले, तेव्हा त्या डोळ्याला फक्त उजेड कळत होता. त्यांच्या कुटुंबात कुणी निष्काळजी नव्हते. रुग्णालयाने दिलेली तारीख त्यांनी प्रामाणिकपणे पाळली होती. त्यामुळे कार्डावर फेरतपासणीच्या तारखेबरोबर, रविवारी आणि रात्रीही उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक लिहून घेतल्याशिवाय रुग्णालयातून निघू नये, असे मी आता आग्रहाने सांगतो.

वेळेवर पोहोचलेल्या रुग्णाच्या डोळ्यातील द्रवाचा नमुना तपासणीसाठी काढतात आणि त्याच वेळी प्रतिजैविके सुईने थेट आतल्या जेलीत सोडतात. सहसा व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडिम ही दोन औषधे वापरतात. नमुन्याचा अहवाल येईपर्यंत थांबत नाहीत. दृष्टी फारच कमी झालेली असेल तर पडद्याचे तज्ज्ञ ती जेलीच काढून टाकतात. ही सोय तालुक्याला नसते, त्यामुळे पुण्याला किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात जायला सांगितले तर “उद्या सकाळच्या गाडीने” हा पर्याय समजू नये. लवकर उपचार झालेल्यांपैकी अनेकांना पुन्हा कामापुरती दृष्टी मिळालेली मी पाहिली आहे.

राहिला प्रश्न उरलेल्या बाटल्यांचा. औषधे संपवण्याचा काळ झाला, डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर दिला, की त्या बाटल्या फडताळात ठेवून देण्याची आपल्याकडे रीत आहे. पुढे नातवाचा डोळा लाल झाला की “आजोबांना दिलेले ड्रॉप चांगले आहेत” म्हणून त्या बाहेर येतात. त्यात स्टेरॉइड असते. ते बुबुळावरची विषाणूची किंवा बुरशीची जखम चिघळवू शकते आणि फार दिवस टाकले तर डोळ्यातला दाब वाढवून काचबिंदूही करू शकते. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया काही महिन्यांनी होईल तेव्हाही नव्या बाटल्याच घ्याव्यात. जुन्या, बूच उघडलेल्या बाटल्या औषधांचा काळ संपला त्याच दिवशी कचऱ्यात टाकाव्यात.